वर्गणी खाली आणताना : चोळपुरममधल्या एका दानपेटीचा हिशेब

(छोट्या बचतदारांसाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काही जण म्हणतील, 'चर्चचं सॉफ्टवेअर आणि आमची बचत, यांचा काय संबंध?' संबंध आहे. तुमच्या खात्यातून दर महिन्याला कुठली तरी रक्कम आपोआप जात असेल, तर ही गोष्ट तुमचीच आहे. चर्चच्या जागी भजनी मंडळ ठेवा, गृहनिर्माण सोसायटी ठेवा, महिला बचत गट ठेवा, नाहीतर आपलं घर ठेवा. आकडे बदलतील, पण हिशेब तोच राहील.

मी बँकेत नोकरी केली आणि निवृत्तीनंतर कुंभकोणमजवळच्या चोळपुरमला राहायला आलो. या मुलखात आपली माणसं नवी नाहीत. तंजावरला भोसल्यांचं राज्य होतं आणि ते १८५५ पर्यंत चाललं. त्यांच्याबरोबर आलेल्या घरांत आजही मराठी बोललं जातं, तमिळच्या वळणाचं का होईना. बचतीचीही या गावांना जुनी सवय आहे. कुंभकोणम् बँक लिमिटेड ही बँक इथेच ३१ ऑक्टोबर १९०४ रोजी स्थापन झाली. तीच आजची सिटी युनियन बँक. चर्चही इथे जुनीच आहेत. कुंभकोणमचा कॅथलिक धर्मप्रांत १८९९ सालचा, आणि तंजावरला श्वार्ट्झ मिशनरी सरफोजीराजांना लहानपणी शिकवत होते, तो काळ तर त्याच्याही आधीचा.

आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. मी त्यांना अक्का म्हणतो, त्या मला अण्णा. त्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीच्या खजिनदार आहेत. त्यांचं बोलणं तमिळ आणि माझं घरचं मराठी, पण पासबुक दोघांनाही कळतं. एके दिवशी संध्याकाळी त्या पासबुक, मोबाइल आणि एक वही घेऊन आमच्या ओसरीवर आल्या.

'अण्णा, जरा हे बघा. दान कमी झालेलं नाही, तरी पैसे पुरत नाहीत. रविवारी कमिटी आहे. मुलांची मदत बंद करायचं घाटतंय.'

ही मदत म्हणजे सहा मुलांच्या वह्या-पुस्तकांसाठी आणि बसच्या पाससाठी दर महिन्याला प्रत्येकी ५०० रुपये. एकूण ३,००० रुपये.

गळती कुठे होती

या मंडळीत ६४ कुटुंबं आहेत. रविवारचं दान सरासरी महिन्याला ११,००० रुपये जमतं. त्यातून वीजबिल, झाडलोट, छोटी दुरुस्ती, पाळकांचा प्रवासखर्च आणि मुलांची मदत भागवायची. मी पासबुकाचं पान उलटलं. दर महिन्याच्या १४ तारखेला २,९४९ रुपये वजा होत होते. सलग १९ महिने.

अक्कांना विचारलं, हे कशाचे? त्या म्हणाल्या, 'ते सॉफ्टवेअरचे. सभासदांची यादी, दानाची नोंद, पावत्या, सगळं त्यात आहे. सुरुवातीला ३० दिवस फुकट होतं.'

आता गणित पाहा. त्या प्लॅनची जाहिरातीतली किंमत होती महिन्याला २,४९९ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे जवळजवळ ४५० रुपये. मंडळीची जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे तो कर परत मिळण्याचा प्रश्नच नाही. म्हणजे खरी किंमत २,४९९ नसून २,९४९ आहे. १९ महिन्यांचे झाले ५६,०३१ रुपये. दानपेटीत पडणाऱ्या चार रुपयांतला एक रुपयाहून जास्त हिस्सा या एका वर्गणीत जात होता.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. कंपनीने चोरी केली नव्हती. फुकटच्या मुदतीत अक्कांनी स्वतः वरचा प्लॅन निवडला होता, कारण पडद्यावर त्यालाच 'सर्वांत लोकप्रिय' असा शिक्का होता. पैसे आपोआप जाण्याची परवानगीही त्यांनीच दिली होती. चूक झाली ती पुढे. फुकटची मुदत संपल्यावर 'आपण यातलं काय वापरतो?' हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. घरी नवी कामवाली बाई ठेवली तर महिन्याभरात आपण तिचं काम पाहतो. सॉफ्टवेअरचं काम मात्र कुणी पाहत नाही.

आधी वापर मोजा, मग किंमत पाहा

अक्कांना मी वहीच्या एका पानावर दोन रकाने आखायला सांगितले. डावीकडे 'प्लॅनमध्ये काय मिळतं', उजवीकडे 'गेल्या तीन महिन्यांत आपण किती वेळा वापरलं'.

एक हजार नावांची सोय होती. यादीत नावं होती ४१२. पाच जणांना प्रवेश देता येत होता. प्रत्यक्षात काम करत होत्या एकट्या अक्का. महिन्याला दोन हजार एसएमएस मिळत होते. पाठवले होते शून्य, कारण मंडळीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. वेबसाइट बनवण्याची सोय होती, बनवलीच नव्हती. संडे स्कूलला येणाऱ्या मुलांची हजेरी घेण्याचं यंत्र होतं. मुलं सतरा, आणि शिक्षिका त्यांना नावानिशी ओळखते. दानाची नोंद मात्र दर आठवड्याला होत होती. पावत्या दर महिन्याला निघत होत्या. वर्षअखेरीचा गोषवारा ऑडिटरला त्यातूनच दिला होता.

दोन रकाने भरल्यावर मला काही सांगावंच लागलं नाही. अक्का म्हणाल्या, 'म्हणजे आपण बस भाड्याने घेतली आणि जाणारे तिघेच.'

त्याच कंपनीचा लहान प्लॅन होता ७९९ रुपयांचा. करासह ९४३. त्यात २५० नावं, एका माणसाला प्रवेश, दानाची नोंद आणि पावत्या. महिन्याला बचत २,००६ रुपये, वर्षाला २४,०७२.

कुणी विचारेल, सगळंच बंद करून वहीत का लिहू नये? हा प्रश्न आम्हीही विचारला. ६४ घरांचा हिशेब वहीत मावतो. पण पावतीचा क्रमांक चुकणं, बेरीज चुकणं आणि खजिनदार बदलल्यावर वही सापडत नसणं, हे तिन्ही प्रकार त्या मंडळीत पूर्वी झाले होते. लोकांचा पैसा हाताळणाऱ्याला चोख पावती ही चैन नव्हे. म्हणून ९४३ रुपये ठेवायचे आणि २,००६ वाचवायचे, असं ठरलं. काटकसर म्हणजे सगळं तोडणं नव्हे. जे वापरतो त्याचे पैसे द्यायचे आणि जे वापरत नाही त्याचे थांबवायचे, इतकंच.

घाईत कार्ड बंद करू नका

अक्कांचा पहिला विचार होता, 'बँकेत जाऊन कार्डच बंद करते.' बहुतेकांचा पहिला विचार हाच असतो. मी थांबवलं.

पैसे जाणं थांबवणं आणि प्लॅन बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेला दिलेली परवानगी रद्द केली तर पैसे थांबतात, पण कंपनीच्या वहीत तुमचा वरचा प्लॅन तसाच चालू राहतो. बिल थकतं. मग बऱ्याच ठिकाणी खात्याला कुलूप लागतं आणि आतली माहितीही आत अडकते. मंडळीच्या दीड वर्षाच्या दानाच्या नोंदी त्यात होत्या. त्या गेल्या असत्या तर २,००६ रुपयांच्या बचतीपायी ऑडिट अडलं असतं.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी माहिती बाहेर काढा. मग प्लॅन बदला. मग बँकेतली परवानगी तपासा.

माहिती आधी घरी आणा

जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये 'एक्स्पोर्ट' किंवा 'डाउनलोड' अशी सोय असते. आम्ही तीन याद्या काढल्या : सभासद, दान, पावत्या. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक मंडळीच्या ईमेलवर आणि दानाची वर्षनिहाय यादी कागदावर छापून. फाइल उतरवून घेतली म्हणजे झालं असं समजू नका. ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. आमची पहिली फाइल उघडली तेव्हा तमिळ नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं होती. दुसऱ्या प्रकारात काढल्यावर ती नीट आली.

लग्नाची नोंदवही तर कागदावरच हवी. ख्रिस्ती विवाहाची नोंद १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे ठरलेल्या नोंदवहीत करावी लागते. सॉफ्टवेअर ही फक्त तिची सोयीची नक्कल. बाप्तिस्म्याच्या नोंदीचंही तेच. पुढे कुणाला दाखला लागला तर तुमचा प्लॅन कुठला होता हे कुणी विचारणार नाही.

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, १८०३ सालचा. सव्वादोनशे वर्षं झाली. तो वाचायला कुणाला महिन्याची वर्गणी भरावी लागत नाही. आपले हिशेब दगडावर कोरा असं मी म्हणत नाही, पण ते आपल्या हातात असावेत एवढं नक्की म्हणेन.

दुसरी अडचण नावांची होती. लहान प्लॅनला मर्यादा २५० नावांची, यादीत ४१२. अशा वेळी काही कंपन्या बदलच करू देत नाहीत, तर काही वरची नावं नुसती झाकून टाकतात. आम्ही तीन संध्याकाळी यादी साफ करायला बसलो. एकाच माणसाची दोन-दोन नावं होती, एकदा आद्याक्षरासह, एकदा आद्याक्षराशिवाय. तिरुप्पूरला, चेन्नईला, आखाती देशांत कायमची गेलेली कुटुंबं होती. एकदाच प्रार्थनेला आलेले पाहुणे होते. आणि वारलेली माणसं होती.

यादीत एका ठिकाणी अक्का थांबल्या. ते त्यांच्या यजमानांचं नाव होतं. 'काढू का?' असं मी विचारलं नाही. थोड्या वेळाने त्यांनीच एक नवी वही घेतली. पहिल्या पानावर 'आपले दिवंगत' असं लिहिलं आणि सगळ्या वारलेल्यांची नावं, तारखा आणि घरं त्यात उतरवून काढली. मगच ती पडद्यावरून पुसली. यादीत उरली २३१ नावं.

याच कामात आणखी एक गोष्ट हाती लागली. आधीच्या कमिटीतल्या दोघांचे प्रवेश अजून चालूच होते. कुणी किती दान दिलं, कुणाचा फोन नंबर काय, कुणाच्या घरी कुठली मुलं, हे सगळं त्यांना घरबसल्या दिसत होतं. ते प्रवेश त्याच दिवशी बंद केले. अशा वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आहे. पण कायद्याची वाट कशाला पाहायची? माणसं विश्वासाने माहिती देतात, ती सांभाळणं आपलं काम आहे.

बटण कुठे असतं

प्लॅन वाढवायचं बटण पहिल्याच पानावर असतं, ठळक रंगात. प्लॅन कमी करायचं बटण शोधावं लागतं. आम्हाला ते 'सेटिंग', मग 'बिलिंग', मग 'प्लॅन पाहा', मग अगदी तळाशी फिकट अक्षरांत सापडलं. ते दाबल्यावर पानामागून पान येत गेलं. 'तुम्हाला हे फायदे सोडायचे आहेत का?' 'तीन महिने निम्म्या दरात देऊ का?' 'कारण सांगा.' शेवटच्या पानावर दोन बटणं होती. मोठं हिरवं बटण 'माझे फायदे ठेवा' असं म्हणत होतं. लहान राखाडी बटण होतं 'बदल पक्का करा'.

अक्कांनी सवयीने हिरवं दाबलं. आम्हाला वाटलं, काम झालं. झालं नव्हतं.

अशा युक्त्यांना आता आपल्या कायद्यात नाव आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न', म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या मांडणीविरुद्ध, मार्गदर्शक नियम जाहीर केले. त्यात १३ प्रकार दिले आहेत आणि त्यांपैकी एक आहे वर्गणीचा सापळा : वर्गणी बंद करणं अशक्य किंवा मुद्दाम किचकट करून ठेवणं, बंद करण्याचा पर्याय लपवणं, फुकटच्या मुदतीसाठी आधीच पैसे कापण्याची परवानगी मागणं. असं कुठे दिसलं तर प्रत्येक पडद्याचा फोटो काढून ठेवा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

एक दिवस आधीचा तो संदेश

आता सगळ्यांत उपयोगी भाग.

रिझर्व्ह बँकेचे आपोआप जाणाऱ्या पैशांबद्दलचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून पूर्णपणे लागू झाले. कार्ड असो, वॉलेट असो, यूपीआय असो, ते सगळ्यांना लागू आहेत. त्यातल्या चार गोष्टी पाठ करा.

पहिली : परवानगी नोंदवताना ओटीपी किंवा पिन देऊन तुमची संमती घ्यावीच लागते.

दुसरी : पैसे वजा होण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला संदेश यायला हवा. त्यात कुणाला, किती आणि कधी जाणार हे लिहिलेलं असतं.

तिसरी : त्या संदेशानंतर तुम्ही तेवढा एक हप्ता नाकारू शकता किंवा पूर्ण परवानगीच रद्द करू शकता. परवानगीच्या या सोयीसाठी बँक ग्राहकाकडून शुल्क घेऊ शकत नाही.

चौथी : रक्कम दर वेळी बदलणारी असेल तर कमाल मर्यादा तुम्ही स्वतः ठरवू शकता. साधारण वर्गण्यांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम दर वेळी वेगळा ओटीपी न घेता जाऊ शकते. ही मर्यादा पूर्वी ५,००० होती, जून २०२२ मध्ये वाढवली.

आम्ही प्लॅन बदलायला बसलो होतो १० तारखेला. पैसे जायचे १४ तारखेला. १३ तारखेला सकाळी बँकेचा संदेश आला : उद्या २,९४९ रुपये वजा होतील.

असे संदेश १९ महिने येत होते, म्हणजे १९ वेळा. अक्का त्यांना जाहिरात समजून पुसून टाकत होत्या. या वेळी मात्र त्या संदेश घेऊन धावतच आल्या. हिरव्या बटणाची चूक तेव्हा कळली. आम्ही त्या संदेशातल्या दुव्यावर गेलो नाही, कारण अशाच रूपाचे खोटे संदेशही येतात. बँकेचं ॲप स्वतः उघडलं आणि तिथून तेवढा एक हप्ता नाकारला. मग कंपनीच्या खात्यात जाऊन राखाडी बटण दाबलं, 'प्लॅन बदलला' हा ईमेल येईपर्यंत थांबलो आणि कंपनीला दोन ओळींचं पत्रही पाठवलं. दोन दिवसांनी ९४३ रुपयांचं नवं बिल आलं. ते भरलं. जुनी परवानगी रद्द केली आणि नवी दिली, कमाल मर्यादा १,००० रुपये ठेवून. आता चुकून कुणी वरचा प्लॅन निवडला तरी परवानगीपेक्षा जास्त रक्कम आपोआप जाणार नाही.

यूपीआयवरून दिलेल्या परवानग्या तुमच्या यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' या नावाखाली दिसतात. आज घरी गेल्यावर ते पान एकदा उघडा. नाकारूनही पैसे गेले किंवा संदेशच आला नाही, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा आणि तिचा क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी फोन क्रमांक १४४४८.

संस्थेसाठी तीन शिस्ती

एक. वर्गणी कुणाच्याही वैयक्तिक कार्डावर ठेवू नका. अक्कांच्या आधीच्या खजिनदारांनी दुसरी एक वर्गणी स्वतःच्या कार्डावर घेतली होती आणि पैसे मागायला संकोच वाटून स्वतःच भरत राहिले. संस्थेचा खर्च संस्थेच्या खात्यातूनच व्हावा, कमिटीच्या ठरावाने.

दोन. वर्गण्यांची एक पानभर नोंद ठेवा : नाव, करासह रक्कम, पैसे जाण्याची तारीख, कोणत्या खात्यातून, पुन्हा कधी तपासायचं. दर सहा महिन्यांनी ते पान कमिटीपुढे वाचा.

तीन. 'वर्षाचे एकदम भरा, दोन महिने मोफत' याला लगेच भुलू नका. लहान प्लॅनचे दहा महिन्यांचे कराआधी ७,९९० होतात आणि बाराचे ९,५८८. सूट खरी आहे. पण वर्षाचे पैसे भरल्यावर मध्येच प्लॅन खाली आणला तर उरलेले पैसे परत मिळतीलच असं नाही. ते अटींवर अवलंबून असतं. आधी सहा महिने महिन्याच्या हप्त्याने वापरा. खात्री पटली की मग वर्षाचे भरा.

सॉफ्टवेअर परदेशी असेल आणि किंमत डॉलरमध्ये असेल तर आणखी एक तपासा. कार्डावर चलनबदलाचं शुल्क लागतं आणि डॉलर वधारला की तुमची वर्गणी कुणीही न वाढवता वाढते.

आणि हो, प्लॅन कधी खाली आणू नये हेही सांगतो. तुमची संस्था वाढत असेल, मर्यादा दोन-तीन महिन्यांत ओलांडली जाणार असेल, किंवा वरच्या प्लॅनमधली एखादी सोय कुणाच्या रोजच्या कामाचे तास वाचवत असेल, तर ते पैसे वाया जात नाहीत. रकाने भरले की हे आपोआप दिसतं.

आता तुमचं घर

एका साध्या घराचं उदाहरण घेऊ. करमणुकीची दोन ॲप, २९९ आणि १४९. गाण्यांचं एक, ११९. फोटो साठवायची जागा, १३०. महिन्याला ६९७ रुपये, वर्षाला ८,३६४. प्रत्येक रक्कम लहान, म्हणून कुणाच्या डोळ्यांत येत नाही.

समजा, त्यातली २९९ आणि ११९ ची दोन कुणी वापरत नाही. ती थांबवली तर महिन्याला ४१८ वाचतात. त्यातले ४०० पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत टाका. दर ६.७ टक्के धरला तर तुम्ही भराल २४,००० आणि मिळतील सुमारे २८,५४६ रुपये. दर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं, म्हणून खातं उघडताना त्या दिवशीचा दर विचारा. हे खातं व्यक्तीला उघडता येतं, संस्थेला नाही. संस्थेने आपल्या बँकेत आवर्ती ठेव ठेवावी.

पण एक अट. वाचलेला पैसा त्याच दिवशी दुसरीकडे वळवा. ज्या तारखेला वर्गणी जायची, त्याच तारखेला ठेवीचा हप्ता लावा. नाहीतर तो पैसा खात्यात दिसतो आणि महिनाअखेर कुठे गेला ते कळत नाही. पैसा आपोआप जाण्याची सोय वाईट नाही. ती कुणाच्या बाजूने काम करते एवढंच पाहायचं.

रविवारची कमिटी

शेवटी तुम्ही विचाराल, त्या मुलांचं काय झालं?

रविवारी अक्कांनी कमिटीपुढे तो दोन रकान्यांचा कागद ठेवला. १९ महिन्यांचे ५६,०३१ रुपये हा आकडा त्यांनी स्वतः मोठ्याने वाचला. 'हे माझ्या हातून झालं' असंही म्हणाल्या. मला वाटलं होतं, कुणीतरी बोलेल. कुणी बोललं नाही, कारण १९ महिने जमाखर्च सगळ्यांसमोर वाचला जात होता आणि प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

महिन्याला वाचणारे २,००६ रुपये म्हणजे चार मुलांची मदत. राहिले दोघांचे १,००० रुपये. ते कमिटीच्या दहा जणांनी प्रत्येकी शंभर असे वाटून घेतले. सहाही मुलांचा बसचा पास चालू राहिला.

अक्का आता दर महिन्याच्या १३ तारखेला संदेशाची वाट पाहतात. तो आला की रक्कम वहीत लिहितात आणि शेजारी बरोबरची खूण करतात. तुमच्या खात्यातून पुढचा पैसा कुठल्या तारखेला जाणार आहे? ती तारीख आज कॅलेंडरवर लिहा आणि तिच्या आदल्या दिवशी फोन हातात घ्या.